आधी चहा, मग इसार

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसातला भाच्याचा फोन आला. "मावशी, अकराच्या आत टोकन भरायचंय. एक्कावन्न हजार. अकरानंतर रेट वाढतोय."

कुठे घेतोयस? मुळशीच्या बाजूला. किती? दोन गुंठे, फार्महाऊस प्लॉट. सातबारा बघितलास? "त्यांचं सगळं क्लिअर आहे." गाव कुठलं? फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. माहितीपत्रकात बघून त्याने गावाचं नाव सांगितलं.

मी म्हटलं, ज्या गावाचं नाव कागदात बघून सांगावं लागतं तिथे पैसे टाकायचे नाहीत. अकरा वाजू देत.

अकरा वाजले, बारा वाजले. रेट होता तिथेच राहिला. संध्याकाळी प्लॉट विकणाऱ्या एजंटचा त्याला फोन आला की साहेबांशी बोललोय, गुंठ्यामागे दहा हजार कमी करून देतो.

भाचा अठ्ठावीस वर्षांचा आहे. नोकरी बरी आहे, आठ लाख साठलेत, जमिनीत किंवा एखाद्या फ्लॅटमध्ये गुंतवावेत असं मनात आहे. त्यात काही वावगं नाही. आमच्या पिढीने घर घेतलं ते राहायला. या पोरांना दुसरं घर घेऊन त्यातून चार पैसे उभे करायचे आहेत, आणि ते स्वतःच्या कष्टाच्या पैशाने करणार असतील तर माझा त्यांना पाठिंबा आहे. माझं भांडण आहे ते त्यांच्या सुरुवातीशी.

कारण याने सुरुवात काय केली होती? एका हॉटेलात दोन दिवसांचा कोर्स. तीन व्हॉट्सअॅप ग्रुप. एक 'नेटवर्किंग मीट', जिथून तो खिशात बावीस व्हिजिटिंग कार्डं घेऊन आला. मी ती कार्डं टेबलावर मांडायला लावली आणि एकच प्रश्न विचारला. तू हा प्लॉट घेतलास तर यातल्या कुणाकुणाला पैसे मिळतात? एजंटला दलाली. कर्ज करून देणाऱ्याला कमिशन. कोर्सवाल्याला पुढच्या कोर्सची फी. इंटिरियरवाल्याला काम. जवळजवळ सगळी कार्डं एका बाजूला गेली. आणि नाही घेतलास तर कुणाला काय मिळतं? काहीच नाही.

मग यातला एकही माणूस तुला "घेऊ नकोस" असं सांगणार नाही. आणि या धंद्यात नवख्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती हे दोन शब्द वेळेवर ऐकण्याची.

म्हणून मी म्हणते, पहिली कमाई अशा चार-पाच माणसांची करा ज्यांना तुमच्या व्यवहारातून एक रुपयासुद्धा मिळणार नाही. पैसे नंतर. कोर्स तर त्याच्याही नंतर.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. २००४ साली आम्ही भोरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात अकरा गुंठे ठरवले होते. यजमानांकडे शेतकरी दाखला होता, त्यामुळे शेतजमीन घेण्याची अडचण नव्हती. सातबारा हातात होता, त्यावर तीन भावांची नावं, तिघंही विकायला तयार. पंच्याहत्तर हजार इसार दिला, इसारपावती झाली. परतताना फाट्यावर चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशींनी सहज विचारलं, "कुणाचं बघताय?" आम्ही सांगितलं. त्या स्टो बारीक करत म्हणाल्या, "त्यांच्या बहिणींनी द्यायचं म्हटलं का? थोरली सासवडला दिलीय ना?"

बहिणी? सातबाऱ्यावर बहिणींचा पत्ताच नव्हता. वडील वारल्यावर वारसनोंद करताना दोघींची नावं लावलीच नव्हती. पुढे थोरलीने हरकत घेतली, प्रकरण तहसीलदारांकडे गेलं, आणि आम्ही पंच्याहत्तरपैकी चाळीस हजार दोन वर्षांनी परत मिळवले. बाकीचे गेले. पैशाचं दुःख ओसरलं. त्या थोरल्या बहीणबाई एकदा चावडीबाहेर भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी विचारायचं." ते मात्र आजही आठवतं.

इसार देण्याच्या आधी तो चहा घेतला असता तर? एवढाच फरक होता. पाच रुपयांच्या चहाचा.

तेव्हापासून माझा नियम ठरला. ज्या गावात, ज्या पेठेत, ज्या सोसायटीत पैसे टाकायचे आहेत तिथे आधी चार-सहा महिने नुसतं जायचं. विकत घ्यायला म्हणून जायचं नाही. एकच पट्टा धरायचा, दोन-तीन चौरस किलोमीटरचा, आपल्या घरापासून तासाभरात पोचता येईल असा. आज वाघोली, उद्या तळेगाव, परवा शिरवळ, असं करणाऱ्याला कुठलंच गाव कळत नाही. त्याला फक्त दर कळतात, आणि दर कुणीही सांगतो.

तिथे गेल्यावर बोलायचं कुणाशी? इस्त्रीवाल्याशी बोला. कुठल्या इमारतीतले भाडेकरू वर्षाच्या आत बदलतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं, कारण कपड्यांची गाठोडी त्याच्याकडे येतात आणि एक दिवस यायची बंद होतात. वॉचमनशी बोला, पण सकाळी सहाला. तेव्हा टँकर येतात. एका इमारतीसमोर मी तासाभरात चार टँकर मोजले होते. विक्रीच्या ऑफिसात 'चोवीस तास पाणी' लिहिलेलं होतं, आणि पाणी खरंच चोवीस तास होतं. त्याचं महिन्याचं बिल सोसायटीच्या देखभाल खर्चात येत होतं. रात्री नऊला परत जा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. ताबा देऊन तीन वर्षं झालेल्या इमारतीत निम्म्या खिडक्या अंधारात असतील तर तिथे राहणारे कमी आणि तुमच्यासारखे गुंतवणारे जास्त आहेत. तुमचा भाडेकरू कुठून येणार?

आणि जुन्या रहिवाशांना पाण्याबद्दल विचारा, नळाच्या नाही, नदीच्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, लोकांना कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढावं लागलं. नकाशावर निळी पूररेषा असते, लाल पूररेषा असते. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या एखाद्या मोठ्या पुराची. त्या रेषा बघाच. पण 'आमच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं' हे सांगणारी आजी भेटली तर तिच्यासमोर पाच मिनिटं बसा. पुण्यात अजून अशी माणसं आहेत ज्यांना १२ जुलै १९६१ चं पानशेत आठवतं, पाणी कुठल्या गल्लीतून आत आलं हे बोटाने दाखवतात. पाण्याची वाट फारशी बदलत नाही. बदलते ती त्यावरची इमारत.

आता कागद. माणसं जोडली आणि कागद वाचता आला नाही तर कुणाच्या तरी शब्दावर राहावं लागतं, आणि तेच टाळायचं आहे.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. वरचा सात, हक्कांचा. खालचा बारा, पिकांचा. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. मी भाच्याला सांगितलं, पहिल्या महिन्यात एका गावाचे वीस सातबारे काढ. तीनशे रुपये. तुझ्या त्या कोर्सची फी किती होती ते मला सांगू नकोस.

सातबारा वाचताना नवखा माणूस आधी नाव बघतो, मग क्षेत्र. मी आधी उजवीकडे बघते. 'इतर हक्क' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे जमिनीचं खरं दुखणं असतं. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. कुळाचं नाव. विहिरीतला हिस्सा. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी हस्तांतरणाला बंदी असल्याचा शेरा. मग डावीकडे भूधारणा पद्धत: भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? वर्ग १ असेल तर मालकाला विकायची मोकळीक. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार नाही, आणि ती परवानगी 'होऊन जाईल' असं जो म्हणतो त्याला आधी करून आणायला सांगा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर त्यासाठी वेगळे आणि जास्त कडक निर्बंध आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. मी तरी अशा जमिनीकडे वळून बघत नाही.

प्रत्येक नावासमोर फेरफाराचा नंबर असतो. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, काढून वाचायची. जमीन या माणसाकडे कशी आली हे तिथे लिहिलेलं असतं: खरेदीने, वारसाने, वाटपाने की हक्कसोडीने. एका फेरफारातून आधीच्या फेरफारात, तिथून त्याच्या आधीच्या. तीस वर्षं मागे जायची रीत आहे. एकेक नोंद वाचताना त्या घराची गोष्ट उलगडते. कुणी मुंबईला गिरणीत गेलं, कुणी विकून टाकलं, कुणी निपुत्रिक गेलं. मला आता हा कागद कोरडा वाटत नाही.

शेतजमिनीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगते, कारण याच दोन गोष्टींवर रविवारचे प्लॉट विकले जातात. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे मनाला येतील तसे तुकडे पाडता येत नाहीत. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी वीस गुंठे आणि बागायतीसाठी दहा गुंठे ठरलं. २०२५ मध्ये शहरालगतच्या तुकड्यांसाठी सरकारने आणखी सवलती आणल्या. म्हणजे नियम हलते आहेत. मागच्या वर्षी मावसभावाने केलेला व्यवहार यंदा तुमच्या उपयोगाचा नाही. तुमच्या गटनंबरला आज कोणता नियम लागू आहे हे तहसील कार्यालयात आणि वकिलाकडे विचारायचं. भाच्याचे ते दोन गुंठे बिनशेती नव्हते, मंजूर रेखांकन नव्हतं, एका मोठ्या गटातला 'सामाईक हिस्सा' त्याच्या नावावर येणार होता. सामाईक म्हणजे तुमचे दोन गुंठे नेमके कुठे आहेत ते कागदावर कुठेच नाही. कुंपण घातलं तरी ते मनातलंच.

आणखी एक फुकटची शाळा आहे. जमिनीची नोंद बदलण्याआधी चावडीवर नोटीस लावावी लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. आता ही नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. एक गाव निवडा आणि दर आठवड्याला बघा. कोण विकतंय, कुणाचे वारस लागतायत, कुठल्या गटात हालचाल आहे, सहा महिन्यांत गावाची नाडी हाताला लागते. वर्तमानपत्रातल्या 'जाहीर नोटीस' सुद्धा रोज वाचा, बारीक अक्षरातल्या. कुठल्या वकिलाने कुठल्या गटासाठी हरकती मागवल्यात, कुणी कुणाशी व्यवहार करू नये म्हणून बजावलंय, हे सगळं वर्तमानपत्राच्या नव्हे तर आयुष्यभराच्या कमाईच्या किमतीचं असतं. माझे यजमान ते पान कापून ठेवायचे, मी हसायचे. २०११ मध्ये त्याच कात्रणांमुळे आमचा एक व्यवहार वाचला.

फ्लॅटकडे वळू, कारण आठ लाखांत सुरुवात करणारे बहुतेक जण शेवटी कर्ज काढून फ्लॅटच घेतात.

इथे महारेरा आहे. २०१६ चा कायदा, महाराष्ट्रात प्राधिकरण १ मे २०१७ पासून. पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प नोंदल्याशिवाय विकता येत नाही, आणि यात प्लॉटिंगही येतं. एजंटचीही नोंदणी लागते. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. हे सगळं बहुतेकांना माहीत असतं. फारसं कुणी करत नाही ते असं: महारेराच्या संकेतस्थळावर आदेश असतात, तक्रारींचे निकाल. त्यातले दहा वाचा. ताबा का लांबतो, कुठल्या शब्दामुळे ग्राहक अडकतो, बिल्डर काय कारणं देतात, हे त्यात ओळीओळीने येतं. ग्राहक आणि विकासक यांच्यात तडजोड घडवायला महारेराचा सलोखा मंचही आहे, त्यात ग्राहक संघटनांची माणसं बसतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेत जाऊन चार महिने काम करा, ऐका. मार खाल्लेली माणसं तिथे येतात, आणि मार खाल्लेल्या माणसाइतकं मनापासून कुणी शिकवत नाही.

हिशेब मात्र स्वतः करा, कागदावर, पेनने. समजा साठ लाखांचा फ्लॅट पुण्यात घेतला. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. नोंदणी फी तीस हजार. बाईच्या नावावर घर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते, साठ हजार वाचतात, आणि घरातल्या बाईच्या नावावर काहीतरी राहतं. मला विचाराल तर दुसरं कारण मोठं. आता भाडं सोळा हजार धरा. वर्षात एक महिना घर रिकामं राहणार, म्हणजे अकरा महिन्यांचे एक लाख शहात्तर हजार. त्यातून देखभालीचे छत्तीस हजार गेले, मिळकतकराचे बारा, रंगरंगोटी-दुरुस्तीचे दहा. उरले एक लाख अठरा हजार. साडेचौसष्ट लाखांवर दोन टक्केसुद्धा नाहीत. कर्जाचं व्याज आठ टक्क्यांच्या आसपास असताना भाड्यावर हप्ता फिटेल असं जो सांगतो त्याच्यापुढे हा कागद ठेवा.

म्हणजे फ्लॅट घेऊच नये का? घ्या. पण किंमत वाढेल या एका आशेवर घेत असाल तर ती इथेच का वाढेल, हे तुम्हाला त्या गल्लीत उभं राहून सांगता आलं पाहिजे. मेट्रोचं स्टेशन येतंय, एवढं पुरेसं नाही. स्टेशनपासून दारापर्यंत रात्री चालत येता येतं का? फूटपाथ आहे? दिवे आहेत? मी प्रत्येक वेळी चालून बघते, संध्याकाळी साडेसातला, एकटी. मी बाई म्हणून ज्या रस्त्याने आले नसते त्या रस्त्यावरचं घर भाड्याने घ्यायला नोकरी करणाऱ्या मुलीही येणार नाहीत.

वकील आपला असावा. बिल्डरने सुचवलेला नाही, एजंटचा मित्र नाही. व्यवहार झाला काय नि मोडला काय, त्याची फी तेवढीच, असं आधी ठरवून घ्यावं. आमच्या वकीलबाईंनी गेल्या अठरा वर्षांत आम्हाला तीन खरेद्या करून दिल्या आणि सात मोडायला लावल्या. त्या सातांची फी मी आनंदाने दिली आहे. बँकेचा सर्च रिपोर्ट असतोच, पण बँक स्वतःचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघते. तुमचं आयुष्य सुरक्षित आहे का ते बघायचं काम तिचं नाही.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातही एखादी सकाळ काढा, कुठलंही काम नसताना. कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठे, 'मान्य आहे का' असा एक प्रश्न, आणि पिढ्यांची जमीन पाच मिनिटांत इकडची तिकडे. एकदा तिथे नऊवारीतल्या एक आजी होत्या. हक्कसोडपत्र होतं. त्यांचा भाचा मागून सांगत होता, "आत्या, वर बघ. आता अंगठा." आजींनी अंगठा टेकवला आणि मग हळूच विचारलं, "आता माहेरी यायला बोलवशील ना?" भाचा "हो हो" म्हणाला. तो पुढच्या टेबलाकडे निघूनही गेला होता.

कायदा मुलींच्या बाजूचा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, २००५ मध्ये देशभर तो समान झाला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंकाही मिटवली. तरी आजी अंगठा देतात, कारण माहेर तुटेल ही भीती कायद्यापेक्षा मोठी असते. तुम्ही विकत घेणारे आहात. बहिणीने मनापासून हक्क सोडला की तिच्याकडून सोडवून घेतला, हे तुम्हाला कागदावरून कळणार नाही. तिच्या घरी जा. सासवडला असेल तर सासवडला जा. तिच्या ओट्यावर बसून विचारा. तिचा हिस्सा तिच्या खात्यात जमा होणार असेल तर करा व्यवहार. स्वस्त मिळालेल्या बऱ्याच जमिनींची किंमत अशी कुणीतरी आधीच चुकती केलेली असते.

'नेटवर्क' हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण त्याचा खरा अर्थ दाखवणारं एक उदाहरण आपल्याच पुण्यात आहे. हडपसरचं मगरपट्टा. शहर अंगावर येतंय, एकेकट्याने विकलं तर जमीनही जाईल आणि पैसाही उडेल, हे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी ओळखलं. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे चारशे एकर एकत्र आली, ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात कंपनीत त्याचा हिस्सा. बाहेरच्या बिल्डरला विकण्याऐवजी ते स्वतःच विकासक झाले. भावकीत बांधावरून कोयते निघतात अशा आपल्या मुलखात एवढी कुटुंबं एका कागदावर आली ती व्हिजिटिंग कार्डांच्या जोरावर नव्हे. एकमेकांच्या लग्नामयतीला गेलेली, एकमेकांच्या उसाला पाणी दिलेली माणसं होती ती.

म्हणून ओळख काढायला जाल तेव्हा हात हलवत जाऊ नका. कुणाचा आठ-अ, म्हणजे खातेउतारा, काढून द्यायचा राहिलाय, कुणाला मोजणीचा ऑनलाइन अर्ज भरता येत नाही, कुणाच्या सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव अजून तसंच आहे. सरकारने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती यासाठीच. तुम्हाला मोबाइल चालवता येतो, त्यांना नाही. भरून द्या. त्या बदल्यात काही मागू नका. पुढच्या खेपेला तेच आजोबा तुम्हाला बांधावर नेऊन दाखवतील की ओढा कुठून वाहायचा, जुनी वहिवाट कुठून होती, आणि ज्या जमिनीला रस्ता आहे असं एजंट सांगतो तो रस्ता नेमका कुणाच्या शेतातून जातो.

रस्त्याचं मी मुद्दाम सांगते. गावनकाशावर असलेला रस्ता आणि शेजाऱ्याने आज जाऊ दिलं म्हणून पडलेली वाट यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शेजारी बदलला की वाट बंद.

रोख रकमेचं एका वाक्यात: वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख जमीन-घराच्या व्यवहारात घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, तेव्हा 'थोडे कॅश' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. आणि ज्यांना हे गावोगाव हिंडणं, कागद काढणं, बहिणीच्या ओट्यावर बसणं जमणार नाही, त्यांनी शेअर बाजारात नोंदवलेले रीट, म्हणजे मिळकतींत पैसे गुंतवणारे ट्रस्ट, बघावेत. त्यात कमीपणा काही नाही. पण जमीन घ्यायची आणि हिंडायचं नाही, असं होत नाही.

भाचा ऐकेल असं मला खरं तर वाटलं नव्हतं. त्याने तीन शनिवार त्याच मुळशीच्या गावात घालवले, पैसे न नेता. पहिल्या शनिवारी त्याच्याशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या शनिवारी देवळाच्या पारावर एका आजोबांचा अर्ज त्याने भरून दिला. तिसऱ्या शनिवारी दुपारी फोन आला.

"मावशी, आजोबांनी त्यांचा जुना सातबारा दाखवलाय. थोरल्या भावाच्या नावामागे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलंय. म्हणजे काय?"

मी सांगितलं, एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं लागलंय, पण त्याच्या मागे सगळं घर उभं आहे. भाऊ, भावांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या बहिणी.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग फोन कानाला तसाच ठेवून त्याने विचारलेलं मला ऐकू आलं, "आजोबा, तुम्हाला बहिणी किती?"

"तिघी," पलीकडून आवाज आला. "बस, सांगतो. चहा सांग दोन."